खापरपणजीचं खाणं

तारेच्या टोकावर तिने शेवटचा सूत्रकृमी अलगद उचलला आणि सरांसाठीच्या ताज्या बशीत सोडला.

"उद्याच्या पाहुण्यांसाठी ना?" प्रयोगशाळेच्या दारातूनच सरांनी विचारलं. "चमकणारेच आहेत ना गं?"

"जनुक तपासून घेतलंय, सर. अगदी शाबूत आहे."

यात तसूभरही खोटं नव्हतं. हिरवी चमक देणारं जनुक जागच्या जागी होतं. फक्त या कृमींच्या खापरपणजीला तिने खास तयार केलेले जिवाणू खायला घातले होते. त्यातून आलेले आरएनएचे इवलेसे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरले होते, आणि ते त्या जनुकाची नक्कलच उतरू देत नव्हते. नक्कल नाही, तर चमक कुठली! सगळी बशी काळीठिक्कर.

चमकणारे कृमी तिने डोळे फोडून तयार केले होते. सरांनी त्यांच्यावरचा शोधनिबंध खुशाल स्वतःच्या नावावर छापला. तिचं नाव आभारात, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली! आता पाहुणे ती चमक बघणार आणि सर संचालक होणार. होतील बरे! चारचौघांत नाक कापलं गेलं की कळेल.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अहो, इथे तर काहीच चमकत नाही."

सरांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. तिला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

मग सर सावकाश ताठ उभे राहिले आणि चक्क हसले.

"तेच तर दाखवायचं होतं! जनुक शाबूत, तरी गप्प. आमचा नवा शोध आहे हा."

बाई हरखल्या. टाळ्या पडल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने तिचा सूडसुद्धा लाटला! आणि 'हे मी केलं' म्हणावं, तर कशासाठी केलं तेही सांगावं लागणार.

"कमाल आहे!" बाई म्हणाल्या. "पण हे गप्प झाले कुठल्या पिढीपासून? आणि केलंत कसं?"

सरांनी घसा खाकरला आणि ते तिच्याकडे वळले.

"सांग ना गं त्यांना."

सगळे तिच्याकडे बघू लागले. एकेक पिढी तिला तोंडपाठ होती. तिने बशीवर झाकण ठेवलं.

"मला कसं माहीत असणार, सर?" ती म्हणाली. "शोध तुमचा आहे."