गाठ असण्याचे दिवस

सोनोग्राफीच्या जेलचा गार थेंब पोटावरून कमरेकडे ओघळत होता आणि सारिका त्याच्याकडेच बघत राहिली, कारण डॉक्टरीणबाईंचं बोट आता सिझेरियनच्या टाक्याच्या टोकाकडे सरकत होतं... दाबलं. ती कळवळली. “आहे की गाठ! लिंबाएवढी,” बाई म्हणाल्या.

आहे की! इतकी वर्षं हेच तर सांगत होते मी. पण कुणाला? पाळीच्या दिवसांत डोळखांबच्या त्या घरात मला कुणी शिवायचं नाही – पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट, वेगळं ताट – आणि गाठ नेमकी तेव्हाच फुगायची. डोक्यावरून आंघोळ झाली की सासू, बाईजा, ऐटीत हात लावून बघायची, तोवर सगळं बसलेलं. “काय नाय गो, नुसती नाटकं.” आणि नवरा? आईपुढे मान डोलावणारा नंदीबैल! तोही पाळी सरल्यावरच दवाखान्यात न्यायचा. विटाळशीला गाडीवर कोण बसवणार? तिथला डॉक्टर पोट चाचपून गोळ्या द्यायचा. सगळे शहाणे, एकापेक्षा एक.

आज मात्र ती पाळीतच निघाली, कुणाला न विचारता. बाईजा मागोमाग जीपमध्ये चढली – सून कुठं तोंड काळं करते ते बघायला – आणि परक्या बाप्यांच्या मांडीला मांडी लावून शहापूरपर्यंत आली, फक्त सुनेचा पदर लागू नये म्हणून अंग चोरत.

बाई समजावत होत्या. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराचे कण टाक्यात राहिले असावेत, तिथंच रुजले असावेत. मग पाळीत तिथंही रक्त साचतं. गाठ कापून काढावी लागेल... रोपांसाठी राबात पेरायचं भाताचं बी बांधावर सांडून उगवावं तसं, सारिकाला वाटलं. यात नाटक कसलं?

“याच दिवसांत आधी का नाही आलात?” बाईंनी विचारलं. तिनं दाराकडे बोट केलं.

दाराशी बाईजा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती चक्क जवळ आली, विटाळ-बिटाळ विसरून हात पुढे केला. “कुठं हाय गो? बघू दे मना.”

याच हातासाठी झुरले होते मी... कळ उठली की वाटायचं, एकदा, एकदाच कुणीतरी इथं हात ठेवावा. आता तो समोर होता, आणि तिला त्याची किळस आली. किळस? की कीव... तीही नाही. तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

“शिवू नका,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजात बाईजाचाच ताठा ऐकून दचकली.