जाहिरातीला रोज नमस्कार

भोपाळच्या जवाहर चौकातल्या हॉलमध्ये सकाळी सहालाच दीडशे दुकानदार हात वर करून उभे होते, आणि प्रत्येक हातात फोन होता. व्यासपीठावर शिखरनाथ महाराज, अंगावर भगवी शाल, कानाला माइक.

"आँखें बंद. श्रद्धा से अपनी दुकान का नाम लिखिए. अब देखिए."

डोळे मिटून नाव कसं लिहायचं, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाच्या फोनवर त्याच्याच दुकानाची जाहिरात सगळ्यात वर होती. हॉल हुंदक्यांनी भरला. माझ्या शेजारी विश्वासही रडत होता, आणि तो सहसा रडणारा माणूस नव्हे.

मी मंजूषा, विश्वासची शेजारीण. पिपलानीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण विश्वासवर रागावणं जमेना. आनंद नगरात त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान, विश्वास मोटर वाइंडिंग. दोन महिन्यांत एक गिऱ्हाईक नव्हतं. धंदा उभा राहिला नाही तर एक तारखेला गाळा सोडायचा, असं मालकाने बजावलं होतं.

महाराजांचं शास्त्र सोपं होतं. जाहिरात त्यांचे शिष्यच लावून देत. इंटरनेटवरच्या जाहिरातीत प्रत्येक क्लिकसाठी बोली लावावी लागते. ती बोली म्हणजे नैवेद्य. रोज सकाळी सगळ्या आप्तांनी दुकानाचं नाव लिहून जाहिरातीचं दर्शन घ्यायचं आणि तिच्यावर बोट टेकवून नमस्कार करायचा. जेवढा खर्च होईल, त्याचा दहावा हिस्सा महाराजांची सेवा. आणि जाहिरातीचं खातं उघडून बघायचं नाही, सिद्धी जाते.

सकाळी सातला विश्वासची बायको कमलिनी घरच्या ग्रुपवर लिहायची, "दर्शन घ्या." इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, सगळीकडून हात जोडलेली चित्रं यायची.

"आपण वर तर आहोत ना ताई? मग फोन का वाजत नाही?" विश्वास मला विचारायचा. महाराज म्हणायचे, बोली कम है. त्याने दोनदा बोली वाढवली. कमलिनीच्या हातात आता काचेच्याच बांगड्या उरल्या होत्या.

सव्वीस तारखेला मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. "विश्वास, खातं उघड."

"सिद्धी जाईल, ताई."

"गाळा जातोय, त्याचं काय?"

त्याने उघडलं. लोकांनी काय लिहून शोधलं, याची यादी त्यात होती. वरपासून खालपर्यंत एकच ओळ: विश्वास मोटर वाइंडिंग. पानी की मोटर जल गई, असं लिहिणाऱ्या एकाही माणसाला जाहिरात दिसली नव्हती. आणि एकूण एक क्लिक सकाळी सात ते साडेनऊमधले. वीस-एकवीस नातेवाइकांनी बोट टेकवलं की दिवसाची रक्कम संपायची आणि जाहिरात उतरायची. क्लिक वेगवेगळ्या फोनवरून, वेगवेगळ्या गावांतून होत होते, म्हणून कंपनीलाही संशय आला नाही.

शेजारून यादी वाचत असलेली कमलिनी म्हणाली, "म्हणजे आम्हीच खाल्लं आमचं?"

गुरुवारी भल्या सकाळी मी दोघांना घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेले. दर्शन झाल्यावर उठून म्हटलं, "महाराज, आता दुकानाचं नाव नको. गिऱ्हाइकाची अडचण लिहू या. कूलर बंद है. दाँत में दर्द है. ज्याचा जो धंदा असेल ते."

दीडशे लोकांनी लिहिलं. एकाचंही दुकान आलं नाही.

"श्रद्धा कम पड़ी," महाराज म्हणाले. "बोली बढ़ाइए."

"श्रद्धा नाही, हा लिलाव आहे," मी दुकानदारांकडे वळून म्हटलं. "नुसती बोली मोठी असून चालत नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला जाहिरात किती नेमकं उत्तर देते, हेही मोजतात. कमी बोलीवालाही त्यामुळे वर जातो. तुमच्या नावाने शोधलं की तुमचीच जाहिरात सगळ्यात नेमकी ठरते, म्हणून ती वर येते. पण तुमचं नाव तुमच्याशिवाय शोधतंय कोण? आणि तुम्ही जितका नमस्कार कराल, तितका यांचा दहावा हिस्सा वाढतो."

महाराज माइक काढून मागच्या दाराने गेले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माणसं आपापली खाती उघडून बघत उभी होती.

आम्ही जाहिरात फक्त भोपाळपुरती ठेवली आणि शब्द बदलले: पानी की मोटर जल गई, आनंद नगर. पण दिवस चारच उरले होते. दोन कामं आली, तेवढ्याने गाळा वाचला नाही. एक तारखेला विश्वासने वाइंडिंगचं यंत्र हातगाडीवर घालून घराच्या व्हरांड्यात आणलं. यंत्र उतरवत होतो तेवढ्यात उज्जैनहून त्याच्या इंदुमतीआत्यांचा फोन आला. वय ब्याऐंशी.

"कमल, मी तर रोज दोनदा हात लावत होते गं. एकदा माझ्या, एकदा शेजारणीच्या फोनवरून. माझ्यामुळे गेलं का दुकान?"

फोन मी घेतला. "आत्या, तुमची माया खोटी नव्हती. तिचा धंदा करणारा खोटा होता."

आत्या फोनवर रडत राहिल्या. ऐंशी उलटलेल्या बाईला हे वाटायला लावणाऱ्याला मी कधी माफ करणार नाही. म्हणून हात जोडून सांगते: ज्या गोष्टीचा हिशेब बघायला कुणी मनाई करेल, तिचा हिशेब आधी बघा. आणि गाळा हातात आहे तोवर बघा.