ड्युटीवरच्या शिवलीलेचा हेडसेट

मित्रांनो, वैमानिकाच्या डोक्यावर बसणारा मी एक जुना हेडसेट आहे. गाणी ऐकण्यासाठी कानांत जी बोंडे खुपसतात, त्यांच्याशी माझे नाते कृपया जोडू नका. सोलापुरातील एका घराने तर मला शोभेची वस्तू केले होते आणि त्या घराविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

माझी रचना साधी आहे. दोन कठीण कवचे, त्यांच्या आत मऊ गाद्या, डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि ओठांजवळ येणारा मायक्रोफोन. छोट्या विमानाचे इंजिन असे गर्जते की शेजारी बसलेल्याचेही बोलणे ऐकू येत नाही. तो गोंगाट अडवायचा आणि कामाचा शब्द तेवढा आत घ्यायचा, हे माझे काम. हे काम माणसे नुसत्या डोक्याने करू शकतील अशी माझी पूर्वी समजूत होती. आता ती राहिलेली नाही.

माझी उमेदीची वर्षे एका प्रशिक्षण केंद्राच्या धावपट्टीवर गेली. तेथील शिक्षक गुफरान सर माझे पहिले मालक. ते कमी बोलत आणि माझी वायर कधी पिळून ठेवत नसत. विद्यार्थ्यांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "याच्यासारखं शिका. ऐकतो आधी, बोलतो नंतर." इतकी नेमकी स्तुती माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही. पुढे त्यांना दुसरीकडे नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला आपल्या विद्यार्थिनीला, शिवलीलेला, देऊन टाकले. शिवलीला सोलापूरचीच. तिचे वडील होटगीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. उड्डाण संपले की ती आधी माझ्या गाद्यांवरचा घाम पुसत असे, मग स्वतःचा चेहरा. तिचे पहिले एकटीचे उड्डाण माझ्यासोबत झाले. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी बोलताना तिचा आवाज जराही कापला नाही.

उड्डाणाचे आवश्यक ते तास भरले, परीक्षा झाल्या आणि तिला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. आम्ही सोलापूरला परतलो. येथून माझ्या आयुष्यातील हास्यास्पद काळ सुरू होतो.

घरात सत्ता दोड्डप्पांची होती. दोड्डप्पा म्हणजे शिवलीलेच्या वडिलांचे थोरले भाऊ, ईरप्पा. चादरी आणि टॉवेलांचे व्यापारी. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर शिवलीलेचा फोटो, मागे चार इंजिनांचे अजस्र विमान आणि वर ठळक अक्षरांत 'कॅप्टन'. मित्रांनो, तिने चालवलेल्या विमानाला एक इंजिन होते आणि त्याचे दार दोरीने बांधावे लागे. नवशिक्या वैमानिकाला कोणी कॅप्टन म्हणत नाही. त्याला वर्षानुवर्षे उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसून शिकावे लागते. पण चौकातल्या फ्लेक्सला शिकण्याची गरज नसते. शिंप्याने पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर कॅप्टनच्या चार सोनेरी पट्ट्या शिवल्या, कारण दोन पट्ट्या "गरीब दिसतात" असे दोड्डप्पांचे मत पडले.

त्यानंतर नोकरीचा शोध सुरू झाला. पहिले काही महिने शिवलीला मला पिशवीत घालून सगळीकडे नेत असे. मी जे पाहिले ते सांगतो. मोठमोठ्या दालनांत एकसारखे पांढरे शर्ट घातलेली शेकडो मुले-मुली बसत आणि मूठभर जागांसाठी परीक्षा देत. निम्म्या जाहिरातींत पुष्कळ तासांचा अनुभव मागितलेला असे. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, ही रचना ज्या कोणी तयार केली, त्याच्या हाती एखादे साधे यंत्रही देऊ नये. पुण्यात एक मार्गदर्शक भेटले. त्यांनी स्वतः कधी विमान उडवले नव्हते. नोकरी कशी मिळवावी हे मात्र शिकवत. त्यांनी शिवलीलेला मुलाखतीत कसे हसायचे ते शिकवले. ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे हसली आणि घेतली गेली नाही.

एका परीक्षेहून परतल्यावर दोड्डप्पांनी मला पिशवीतून काढले आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. एका बाजूला चिनीमातीची बदके, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा पतसंस्थेचे स्मृतिचिन्ह. पाहुणे आले की दोड्डप्पा सांगत, "हे इमानातलं हाय. हात लावायचा न्हाय." हात लावला नाही की माझ्या गाद्या कडक होतात, हे त्यांच्या गावीही नव्हते.

आता मुख्य प्रकार सांगतो. लोक विचारू लागले, "लागली का नोकरी?" दोड्डप्पा आधी म्हणत, "लागंल की." मग म्हणू लागले, "ट्रेनिंग चालू हाय." मग एका लग्नात त्यांनी सांगून टाकले, "लागली की! मोठ्या कंपनीत." शिवलीलेला नोकरी मिळाली नाही, दोड्डप्पांच्या तोंडात मात्र तिला नियमितपणे बढती मिळत गेली. परिणाम असा झाला की पाहुणे येण्याची चाहूल लागली की तिची आई मल्लव्वा हळूच म्हणे, "आत जा गं बाई." आणि परवानाधारक वैमानिक स्वतःच्या चपला हातात घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसे. ती जागा ड्युटीची होती, असे समजायचे. मी काचेतून हे रोज पाहत होतो. मला मायक्रोफोन आहे. परंतु तो दुसऱ्याच्या आवाजावर चालतो.

या वर्षी गुफरान सरांचा तिला फोन आला. ढगांचा अभ्यास करणाऱ्या एका खासगी कंपनीचे दोन इंजिनांचे छोटे विमान काही महिने सोलापूरच्या विमानतळावर राहणार होते. उजव्या खुर्चीसाठी वैमानिक हवा होता आणि कमी तासांचा उमेदवार चालणार होता. शिवलीलेने अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली. प्रमुख वैमानिक कॅप्टन झीनत म्हणाल्या, की चाचणी उड्डाणाला बोलवायचे ठरले तर त्या स्वतः कळवतील. शिवलीलेने हे फक्त आईला सांगितले.

"इथंच? होटगी रोडवर?" मल्लव्वाने विचारले. "रोज जाताना-येताना लोक बघतील की गं. मग दोड्डप्पांचं काय?"

"दोड्डप्पांचं मला माहीत नाही, अव्वा. ढगांत फक्त उपकरणं बघून उडण्याची माझी परवानगी या महिन्याअखेर संपते. ती गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला पुन्हा पहिल्यापासून नाही जमायचं."



त्याच आठवड्यात बसम्मा घरी आल्या. त्या अक्कलकोटच्या, आपल्या पुतण्यासाठी शिवलीलेचे स्थळ बघायला आलेल्या. शिवलीला अर्थातच आतल्या खोलीत, भाकरीचे पीठ मळत. तिचा मोबाईल मात्र दिवाणखान्यात, माझ्या कपाटाखाली चार्जिंगला राहिला होता.

"पोरगी आत्ता कुटं हाय म्हणालात?" बसम्मांनी विचारले.

दोड्डप्पांनी घड्याळाकडे गंभीरपणे पाहिले. "आत्ता दिल्लीच्या वर असंल."

"हौदा? खरं म्हणता? मग जेवणाचं वो?"

"वरच देतात. ट्रेमध्ये."

"म्हणजे सैपाक येत न्हाय म्हणा की."

इतक्यात मोबाईल वाजला. दोड्डप्पांनी तो उचलला आणि नेहमीप्रमाणे स्पीकर चालू केला. फोनवर आपण काय बोलतो हे घरात सर्वांना कळावे अशी त्यांची पद्धत होती.

"शिवलीला आहेत का? मी झीनत, विमानतळावरून बोलतेय."

"इमानतळावरनं हाय!" दोड्डप्पांनी बसम्मांना कौतुकाने सांगितले. मग घसा खाकरून म्हणाले, "कॅप्टन मॅडम ड्युटीवर हायत, बाई. सत्काराचं असंल तर मला सांगा. तारखा मीच बघतो."



"ड्युटीवर? कोणत्या कंपनीत?"

"लई मोठी कंपनी हाय. तुमच्या ध्यानात न्हाय यायचं."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली की."

"असं? मग मी उद्याच्या चाचणीला दुसऱ्या उमेदवाराला बोलावते. मला वाटलं होतं, या मुलीला नोकरी हवी आहे."

मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात इतका स्पष्ट संदेश मी ऐकलेला नाही आणि तो इतक्या चुकीच्या कानावर पडलेलाही पाहिला नाही. दोड्डप्पा "बरं बरं" म्हणून फोन ठेवू लागले.

आतले दार उघडले. मनगटापर्यंत पिठाने भरलेल्या हातांनी शिवलीला बाहेर आली. घरात घालायचा जुना ड्रेस, केस वर बांधलेले. तिने दोड्डप्पांच्या हातून फोन घेतला.

"मॅडम, ठेवू नका. मी शिवलीला. मी घरीच आहे."

"इतक्यात आकाशातून उतरलात?"

"मी आकाशात नव्हते. मला नोकरी नाही. कधीच नव्हती. घरच्यांनी लोकांना खोटं सांगितलं, आणि मी आतल्या खोलीत बसून ते चालू दिलं."

दोड्डप्पांनी हाताने खुणा केल्या. बसम्मांनी चहाची कपबशी खाली ठेवली, कारण असे ऐकताना चहा पिणे त्यांना शक्य नव्हते.

"शेवटचं उड्डाण कधी?" कॅप्टन झीनतनी विचारले.

"परवानगीच्या नूतनीकरणासाठी, मागच्या वर्षी. त्यानंतर एकही नाही. हात बसलेला नाही, हे आधीच सांगते."

"सकाळी सातला या. हेडसेट स्वतःचा आणा, इथला एक बिघडलाय."

फोन बंद झाला.

"ती रजेवर आली हाय, बसम्मा," दोड्डप्पा म्हणाले. "सकाळीच."

"आत्ता दिल्लीच्या वर हुती की वो," बसम्मा म्हणाल्या. मग शिवलीलेच्या हातांकडे पाहून समाधानाने मान हलवली. "पण भाकरी येतीया. चांगलं हाय."

"अव्वा, कपाटाची किल्ली," शिवलीला म्हणाली.

"ते शोभेचं हाय!" दोड्डप्पा गरजले. "आणि हितल्या इमानतळावरची ती भिंगरीएवढी इमानं! त्यात बसून गावात माझी अब्रू घालवणार तू? ते राहू दे तितंच!"

कपाट पुसण्याचे काम मल्लव्वाचे, म्हणून किल्ली तिच्या कमरेला असे. त्या घरात दिराच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, कुलूप उघडले आणि मला बाहेर काढून मुलीच्या पिठाळ हातांत दिले.

"कामाचं हाय ते, भावजी," ती म्हणाली. "लोकांना काय सांगायचं ते तुमी बघा. तुमाला येतं."

सकाळी मी पुन्हा विमानात होतो. माझी अवस्था लाजिरवाणी होती. गाद्या वाळून तडकलेल्या, त्यामुळे गोंगाट आत शिरत होता. एका वळणावर तर मनोऱ्याचा अर्धा शब्द माझ्याकडून निसटला. शिवलीलेने तो पुन्हा मागितला. अंदाजाने उत्तर दिले नाही. खाली होटगीच्या स्थानकापासून फुटणारे रूळ दिसत होते. कॅप्टन झीनतनी काही न सांगता एका इंजिनाची शक्ती कमी केली. विमान एका अंगाला ओढले गेले. शिवलीलेने ते सावरले, परंतु सावरण्याच्या नादात नेमून दिलेली उंची सोडली.

"दोनशे फूट वर गेले. माझी चूक. खाली आणते," ती म्हणाली.

तिने विमान खाली आणले आणि नेमक्या उंचीवर धरून ठेवले.

उतरल्यावर इंजिने थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "कालच्या दोघांचीही उंची सुटली होती. एकाने वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्याने उंची दाखवणाऱ्या यंत्राला. उंची मी शिकवू शकते. उद्यापासून या. उजवीकडे बसायचं, सांगेन ते करायचं, आणि उड्डाणाआधी काच पुसायची."

"हो, मॅडम."

"आणि काल फोनवर जे होते, त्यांना सांगा की या हंगामात तुम्हाला सत्काराला सवड नाही."

असा शिवलीलेला पहिला रोजगार मिळाला. दोड्डप्पा सध्या पाहुण्यांना सांगतात, की पोरीने मोठी कंपनी सोडली, कारण तिला सोलापूरची हवा मानवते. मी याहून चांगल्या दर्जाचे खोटे ऐकले आहे. ती मात्र रोज सकाळी सर्वांच्या देखत होटगी रोडने जाते. "नवीनच लागलीय, अजून शिकतेय," असे स्पष्ट सांगते. तिने माझ्या गाद्या बदलून घेतल्या आहेत.

मित्रांनो, उपकरणाला कुलपात ठेवून त्याचा मान वाढत नाही; ते फक्त निकामी होते. वापरा, पुसा, झिजलेला भाग बदला. एवढे तुम्हाला सहज जमेल. दुसरी गोष्ट अवघड आहे, आणि मोठी माणसे त्यात सपशेल नापास होताना मी पाहिली आहेत. तुमच्या घरात कोणी काम शोधत असेल आणि त्याने "अजून मिळालं नाही" असे सांगितले, तर ते वाक्य तिथे पूर्ण होते. त्याला आपल्या पदरचे शेपूट जोडू नका. "बरं" म्हणा, आणि तो जेवला आहे का ते विचारा.

तेही जमत नसेल, तर गप्प बसा. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही.