लॅरिंजेक्टमी

मास्तरांनी बायकोच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि फॉर्मवरच्या एका शब्दावर टेकवलं.

“वाच,” ते म्हणाले. आवाज कसला, नुसती घरघर.

“अहो, नर्स थांबलीय. भावोजी म्हणाले, घशाचं छोटंसं ऑपरेशन आहे. सही करून टाकू.”

“वाच आधी.”

शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण इंग्रजी म्हटलं की ती कागद बाजूला सारायची. शेकडो पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी बायकोपुढे मात्र केव्हाच हात टेकले होते. आज ते हट्टाला पेटले. त्या लांबलचक शब्दावर त्यांनी उभ्या रेघा मारल्या.

“लॅ... रिं... जेक... ट... मी,” तिने अडखळत वाचलं.

त्यांनी शब्दाच्या शेपटाखाली रेघ ओढली. “एक्टमी. कुठे ऐकलंस?”

ती आठवत राहिली. “पोरीच्या फायलीवर. टॉन्सिलेक्टमी.”

“तेव्हा काय केलं?”

“टॉन्सिल काढून टाकले.”

मास्तरांनी तिची बोटं धरून आपल्या गळ्यावर ठेवली. “आणि लॅरिंक्स म्हणजे हे.”

बोलताना तिथे बोटांखाली थरथरलं. चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

“भावोजींना ठाऊक होतं?”

त्यांनी मान डोलावली. “तू घाबरशील म्हणून बोलला नाही.”

“आणि नाही केलं तर?”

“सहा महिने. फार तर आठ.” ते धाप लागून थांबले. “मी नकोच म्हणणार होतो. मुका मास्तर काय कामाचा?”

तिने खाटेचा दांडा घट्ट धरला. ओरडावंसं वाटत होतं. पण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नुकताच झोपला होता.

“मी काय तुमची विद्यार्थिनी आहे?” ती दातओठ खात कुजबुजली. “मला नवरा हवाय. मुका तर मुका.”

मास्तरांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. मग त्यांनी सही केली आणि पेन तिच्याकडे दिलं. तिची सही वेडीवाकडी आली.

नर्सने फॉर्म उचलला, पेन सरसावलं. “पेशंटचं पूर्ण नाव सांगा.”

गेले दोन महिने त्यांच्या वतीने तीच बोलत आली होती. आताही तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

मास्तरांनी नाव सांगायला सुरुवात केली. वडिलांच्या नावापर्यंत येताना दोनदा दम घ्यावा लागला. नर्सने तिच्याकडे पाहिलं.

“थांबा,” ती म्हणाली, “ते सांगतायत.”