परत आलेला घास

मित्रांनो, मी एक जुनी डवली आहे. नारळाच्या करवंटीला दांडा बसवून जी पळी करतात, तिला आमच्या मालवणकडे डवली म्हणतात. तुमच्या घरी आता स्टीलच्या पळ्या असतील, चकचकीत आणि गरम झाल्या की हात भाजणाऱ्या. मी कधी कुणाचा हात भाजला नाही. पण एका बाईची अब्रू माझ्यामुळे गेली की राहिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून ती हकिगत तुम्हाला सांगते, तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म १९९८ सालचा, देवबागचा. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. तिथल्या बाळा सुताराने होड्यांच्या कामातून सवड काढून मला घडवलं. माझी करवंटी काचेच्या तुकड्याने घासून घासून इतकी गुळगुळीत केली, की तिच्यावर पेजेचा थेंबही टिकत नसे. पोफळीचा दांडा बसवला, खोबरेल चोळलं आणि मला दत्तारामच्या किराणा दुकानात पोचवलं. दत्तारामची बायको सुगंधा हिने मला हातात धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "बाळा, बरी केलंस रे. हलकी आसा." ते माझं पहिलं कौतुक. त्यानंतर बारा वर्षांत मी पुष्कळ कौतुक ऐकलं, पण ते मला नव्हतं, सुगंधाच्या जिभेला होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवतात आणि सगळी वाडी दुकानातल्या स्वस्त मालावर दिवस काढते. स्वस्त माल म्हटला की लोक नाक मुरडतात. सुगंधा मुरडत नसे. ती चाखून बघे. दर बुधवारी मालवणहून टेम्पोने माल आला की भर दुपारी दुकान बंद करून ती नव्या पोत्यांतलं मूठमूठभर शिजवी, माझ्यातून चाखी आणि संध्याकाळी दाराशी जमलेल्या बायकांना निकाल देई.

"ह्यो तांदूळ पेजेक बरो. भाताक नेव नकात, गोळो होता."

"ही मसूर सवाय आसा, पण लाकडा लय खाता. सवाय खंयची मगे?" सवाय म्हणजे स्वस्त.

एकदा लालभडक मिरचीपुडीची पाकिटं आली होती. ती चाखून म्हणाली, "रंग बघून माणूस घाबरता, जीभ काय घाबरत नाय." आणि टोस्टच्या एका पुड्याबद्दल तर तिने सांगितलं, की हे चहात बुडवले की वर येत नाहीत, शोधायला माणूस उतरवावा लागेल. बायका हसत, पण नेमकं तेच नेत जे सुगंधा सांगे. मासे विकणारी मथुराकाकी तर पिशवी पुढे करून नुसती म्हणे, "तुज्या जिभेक आवाडला ता घाल." मला फार अभिमान वाटे. त्या जिभेला मीच तर सगळं पोचवत होते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. दुकानाच्या मागे उंडीच्या झाडाखाली एक काळा धोंडा होता. तो राखणदाराचा. राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा. तो दिसत नाही, पण आहे, हे तिथे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. जे शिजेल त्यातला पहिला घास त्याचा. त्या घासाला कुणाची जीभ लागलेली चालत नाही. उष्टं राखणदाराला द्यायचं नाही, हे देवबागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सुगंधा आधी धोंड्यावर घास ठेवी, मग स्वतः चाखी. मला धुऊन भिंतीवरच्या खिळ्याला टांगी, तोंड भिंतीकडे करून. थोड्या वेळाने कावळ्यांचा आवाज येई आणि धोंडा स्वच्छ होई. आठ वर्षं हे असंच चाललं.

२००६ साली सांधे धरणारा ताप आला. अर्धी वाडी अंथरुणाला खिळली, सुगंधाही. ती उठली, लंगडत का होईना चालू लागली, पण तापाने जाताना तिची चव आणि वास दोन्ही नेले. पहिल्यांदा हे मलाच कळलं. तिने माझ्यातून सोलांची कढी घेतली आणि तिचा चेहरा जराही हलला नाही. तिने आणखी घेतली. मग चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, मग हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं नव्हतं.

तिने कुणालाही सांगितलं नाही, दत्तारामलासुद्धा नाही. मला तिचा राग आला होता, खरं सांगते. पण वाडीने जिच्या जिभेवर भरवसा टाकला, तिने कुठल्या तोंडाने म्हणावं की मला आता कळत नाही? ती मालाचा रंग बघे, दाणा बोटांनी दाबून बघे आणि अंदाजाने निकाल देई. जुन्या सवयीने बहुतेक वेळा तो बरोबरही येई.

पण दर बुधवारी तिच्या मनात आशा येई, की आज तरी चव लागेल. त्या आशेने ती उतावीळ झाली. एका बुधवारी चुलीपाशी उभ्याउभ्याच तिने मला चाटलं. काहीच लागलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, की पहिला घास अजून ठेवायचा आहे. ती थबकली. मला धुतलं असतं, टोपातलं दुसरं वाढून घेतलं असतं, तर प्रश्नच नव्हता. पण बाहेर कुणीतरी हाक मारली, आणि तिने माझ्यातला तोच उष्टा घास धोंड्यावर ठेवला.

त्या दुपारी कावळे आले नाहीत. उंडीचं पानही हलत नव्हतं. मी खिळ्यावर भिंतीकडे तोंड करून लटकत होते, तेवढ्यात कुणीतरी मला खाली घेतलं. सुगंधाचा हात मी ओळखते, तो गरम आणि खरखरीत. हा हात थंड होता आणि ओला. त्याने माझ्यात काहीतरी ठेवलं आणि मला परत होती तशी टांगली. पावलांचा आवाज झाला नाही. सुगंधा आत आली तेव्हा तिला माझ्यात तो मघाचा घास दिसला, जसाच्या तसा, खाडीच्या पाण्याने भिजलेला. जमिनीवर मात्र एकही थेंब नव्हता.

मग तिने घास पदराखाली लपवला आणि खाडीत टाकून आली.

पुढच्या बुधवारी तिने मला तीन वेळा धुतलं. पण हात धोंड्याकडे नेता नेता ती पुन्हा थांबली आणि मला जिभेला लावलं. आशा फार वाईट असते, मित्रांनो. घास पुन्हा परत आला. असे किती बुधवार गेले असतील, मी मोजले नाहीत. प्रत्येक वेळी तोच थंड हात आणि तोच भिजलेला घास. त्याने कधी काही मोडलं नाही, कुणाला त्रास दिला नाही. त्याला नको होतं ते तो परत करत होता, एवढंच. मला मात्र त्याची इतकी भीती वाटू लागली, की दुपार झाली की माझी करवंटी थंड पडे.

२००७ सालच्या नारळी पौर्णिमेला वाडीचं जेवण होतं. दर्याला नारळ द्यायचा, मग सगळ्यांनी देवळापाशी बसून जेवायचं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. त्या आधीच्या बुधवारी एक अनोळखी टेम्पोवाला काळ्या वाटाण्याचं पोतं फार स्वस्तात देऊन गेला. सुगंधाने मूठभर शिजवले, चाटून पाहिले, मग घास धोंड्यावर ठेवला. त्या दुपारी मला कुणीही खाली घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत घास परत आला नाही. धोंडा स्वच्छ होता.

सुगंधाला केवढा आनंद झाला! तिला वाटलं, राखणदाराने आपल्याला माफ केलं. बायकांना ती दारातूनच म्हणाली, "वाटाणे बरे आसत. बिनधास्त नेवा." वाडीने सगळं पोतं उचललं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेजारच्या लक्ष्मीने वाटाणे भिजत घातले. तिच्या नाकाला कसलातरी वास आला होता. पण सुगंधाने बरे म्हटलेत म्हणजे बरेच असणार, गोदामाचा वास असेल, धुतल्यावर जाईल, असं मनाशी म्हणून ती गप्प बसली, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं.

पौर्णिमेच्या दुपारी पुरुष नारळ घेऊन समुद्राकडे गेले होते. सुगंधा वाढायला मदत म्हणून मला न्यायला येणार होती. त्याच्या थोडं आधी तो थंड हात आला. या वेळी त्याने माझ्यात जे ठेवलं ते खडखडलं. सुगंधाने मला खाली घेऊन पाहिलं, तर माझ्यात मूठभर काळे वाटाणे होते. बुधवारी तिने शिजवून मऊ केलेले वाटाणे आता कच्चे होते, कडक आणि कोरडे. आणि त्यांच्यावर पांढरी पूड बसली होती.

तिने मला नाकाशी नेलं. काही नाही. तिने पुन्हा हुंगलं, डोळे मिटून, जीव एकवटून हुंगलं. काही नाही. ती पूड पिठाची होती की विषाची, हे तिला कळायला मार्ग नव्हता. कुणालातरी विचारणं भाग होतं. आणि विचारलं, की सगळ्यांना कळणार होतं.

ती धावत देवळाकडे निघाली. मथुराकाकी रस्त्यातच भेटली. सुगंधाने मला तिच्या नाकासमोर धरलं. "काकी, वायच हुंगून सांग. कसलो वास येता?"

मथुराकाकी एकदम मागे सरली. "शी! ढेकणाचा औषध गो ह्या! तुका कळना नाय?"

सुगंधा धावतच राहिली. देवळापाशी उसळ शिजून तयार होती, पोरं पंगतीत बसली होती, पत्रावळी मांडून झाल्या होत्या. लक्ष्मीने टोपात पळी घातली होती.

"वाढू नकात!" सुगंधा ओरडली. "वाटाणे वाढू नकात! त्यांका औषध लागलाहा!"

लक्ष्मी म्हणाली, "अगो, तूच सांगितलंस मां, बरे आसत म्हणान?"

"मियाच सांगितलंय," सुगंधा म्हणाली. "माका चव लागत नाय. वासय येत नाय. वरीस झाला, ताप इल्लो तेवापासून. मिया तुमका सगळ्यांका अंदाजान सांगत होतंय."

समुद्राकडून आलेला दत्ताराम नारळाचा प्रसाद हातात धरून तिथेच उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची सुगंधाची हिंमत झाली नाही. मग त्यानेच पुढे होऊन टोप उचलला. कुत्रं-मांजरही पोचणार नाही इतका खोल खड्डा वाळूत खणून त्याने ती उसळ पुरली. पोरांनी त्या दिवशी नुसते वडे गुळाशी खाल्ले. एकही पोर आजारी पडलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही. बायका मालवणला जाऊन सामान आणत. सुगंधा मुकाट्याने बसून राही. मग एका बुधवारी, भर दुपारी, मथुराकाकी मागच्या दाराने आली आणि चुलीपाशी फतकल मारून बसली. "रांध," ती म्हणाली. "चाखतलंय मिया. पण सांगशीत तू. माका तुज्यासारखा बोलूक येत नाय."

सुगंधाने उकड्या तांदळाची पेज केली. मला धुतलं. या वेळी जिभेला न लावता पहिला घास सरळ धोंड्यावर ठेवला आणि मला तिथेच, घासाशेजारी ठेवून दोघी आत गेल्या. मित्रांनो, त्या दिवशी प्रथमच माझं तोंड भिंतीकडे नव्हतं. मी आभाळाकडे बघत पडले होते आणि तो आला तेव्हा मी बघू शकले असते. मी बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

सुगंधा परत आली तेव्हा धोंडा रिकामा होता आणि माझ्या तळाशी थोडं पाणी साचलं होतं. तिने मला उचललं. काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने मला ओठांना लावलं. आणि तिने आतल्या मथुराकाकीला हाक मारली.

"काकी," ती म्हणाली, "खारा लागता."

त्यानंतर तिला गोड, तिखट, आंबट, काही म्हणजे काहीच कधी लागलं नाही. पण २०१० साली तिने दुकान सुनेच्या हाती सोपवलं, तोपर्यंत दर बुधवारी धोंड्यापाशी जाऊन ती माझ्यातलं ते घोटभर खारं पाणी प्यायची आणि डोळे मिटून बसायची.

आता दुकानात सगळं बंद पाकिटांत येतं. सुनेला चाखायला वेळ नाही आणि पाकीट फोडलं तर ते विकायचं कसं, असं ती म्हणते. मी माळ्यावर पडून आहे. माझी काही तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगते, मुलांनो: कुणी तुमच्या शब्दावर विसंबून ताटाला हात घालत असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तेवढंच म्हणा, "मला कळत नाही." सुगंधाला ते म्हणायला एक वर्ष लागलं. तोवर पंगतीत पोरं जेवायला बसली होती.