उचलला तो गेला

मुकादमाच्या हमाल टोळीत एकच कायदा होता: ट्रकवर चढताना पडलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. आपल्या पायांनी उठला तर राहिला, दुसऱ्यांनी उचलला तर टोळीतून गेला. गोदामात शिडी होती, पण ती भिंतीला टेकून धूळ खात होती. तिच्यावरून चढणाऱ्याला सगळे 'नवरी' म्हणायचे. चाकावर पाय, ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या साखळीला हात आणि पाठीवर पोतं, असंच चढायचं. शहाणपण फुकट मिळालं असतं तरी या लोकांनी ते घेतलं नसतं.

टोळीतल्या दोघा भावांपैकी थोरल्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि हे फक्त धाकट्याला ठाऊक होतं. बाप गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवलं, टोळीत आणलं. दादाची जागा जाऊ नये म्हणून धाकटा त्याच्या वाट्याची जड पोती गुपचूप स्वतःकडे ओढायचा.

त्या दुपारी चाक ओलं होतं. थोरल्याचा पाय सटकला आणि तो पोत्यासकट पाठीवर आदळला. सगळे थांबले. मुकादम दाराशी उभा राहून बघत होता.

"पायांत मुंग्या आल्यात रे," थोरला म्हणाला. "जरा पडू दे मला."

एकाने न राहवून हात पुढे केला, तो धाकट्यानेच झटकला. मग तो दादाच्या कानाशी वाकला.

"दादा, ऊठ. सगळे बघतायत."

थोरला दात आवळून कुशीवर वळला, चाकाला धरून उभा राहिला, दोन पावलंही टाकली. धाकट्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात दादा जागीच कोसळला. आता उचलायला कुणाचीच हरकत नव्हती. एकदा उठून झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाजूला घेतलं. मणका मोडलेल्या माणसाला हलवलं कुणी, असं त्यांनी विचारलं. पडला तसा राहू दिला असता तर पाय वाचले असते म्हणाल्या. तो उठला तेव्हा कुणी हात लावला नाही, असं त्याने सांगितलं. ते खरंच होतं, आणि त्याला तिथेच मरून जावंसं वाटलं.

संध्याकाळी मुकादम आला. माणूस दुष्ट नव्हता, नियमाचा पक्का होता, आणि असली माणसं जास्त वाईट. खाटेशी बसलेल्या वहिनीला पायांचं अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आपल्या आपण उठला, जागा त्याचीच," मुकादमाने तिला सांगितलं आणि धाकट्याची पाठ थोपटली. "यानेच उठवला, हात न लावता."

वहिनीचे डोळे भरून आले.

"भावजी, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर हे तसेच पडून राहिले असते."

धाकट्याने मान डोलावली.