झुडपी जागेवरची चौकट

मी चौकट बोलतेय. घराच्या मुख्य दाराची, अस्सल सागाची चौकट. मला अजून दार लागलेलं नाही, भिंतीचं तर नावच नाही. चार वर्षं झाली, शेजारच्या नीलाबाईच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीला टेकून उभी आहे. कोण आलं, कोण गेलं हे बघणं हाच चौकटीचा धर्म, म्हणून आमच्या ओळीतल्या सगळ्यांच्या गोष्टी मला ठाऊक. भोचक म्हणा हवं तर. पण आज मी लटारूभाऊ आणि त्यांची बायको इंदुताई, या दोघांचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म आलापल्लीकडच्या जंगलातला. झाड पडलं, डेपोत लिलाव झाला, लटारूभाऊंनी लाकूड घेतलं. ते शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. आयुष्यभर घंटा मिनिटाला वाजवली, त्यामुळे कागदाशिवाय काही करायचं त्यांना जमतच नाही. वाहतुकीचा परवाना घडी करून खिशात ठेवला, तेव्हाच मला गाडीत चढवलं. लाकडाच्या टोकाला वनखात्याच्या हातोडीचा शिक्का होता.

चैतू सुतार रंधा मारायला बसला तेव्हा भाऊ म्हणाले, "तो शिक्का राहू दे."

"काऊन जी? चौकटीवर शिक्का कोनी ठेवते का?"

"राहू दे. उद्या कोनी इचारलं, लाकूड कुठचं, तं बोट दाखवता येते."

तो शिक्का अजून माझ्या कपाळावर आहे.

इंदुताई सव्वीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहिली. त्या खोलीचं दार इतकं ठेंगणं, की रोज वाकून आत जायचं. म्हणून तिने चैतूला स्वतः हात वर करून उंची दाखवली. "इतली पाह्यजे. डोक्शावर घागर घेऊन सरळ आत गेली पाह्यजे मी."

"नळ आले ना आता, बाई! घागर कोन आनते?"

"तुले काय करा लागते? तू उंच कर."

मी उंच झाले. अक्षय तृतीयेला भाऊंच्या मोकळ्या जागेवर बांबूच्या टेकूंनी मला उभं केलं. हळदकुंकू, आंब्याची पानं, नारळ, सगळं झालं. बांधकामाची परवानगी आली नव्हती. "मुहूर्त तं साधू, भिंती मंग," असं इंदुताई म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा भाऊंनी कागदाच्या आधी काहीतरी केलं.

नऊ दिवस मी तिथे उभी होते. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. संध्याकाळी इंदुताई रस्त्याच्या बाजूने यायची आणि माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "कोन हाय जी घरात?"

पलीकडे भाऊ उभे असायचे. "मीच हाओ. ये ना आत."

"नाई बाप्पा. भिंतीइना घरात कोन येते? घर होऊ द्या, मंग उजवा पाय टाकीन."

दोघं हसायचे. तिने एकदाही माझ्यातून पाय टाकला नाही. बाजूने जायची, पण माझ्यातून नाही.

दहाव्या दिवशी बांधकामाची परवानगी देणाऱ्या ऑफिसातून सरिता मॅडम जागा बघायला आल्या. मुलगी चांगली होती, पाणी दिलं तर आधी भाऊंना विचारलं, तुम्ही घेतलं का. पण अर्जावर काम सुरू नाही असं लिहिलेलं, आणि समोर मी उभी. त्यांनी लिहून घेतलं, विनापरवाना बांधकाम, एक चौकट. मग जुनं रजिस्टर उघडलं.

"काका, या सर्व्हे नंबरवर जुन्या नोंदीत झुडपी जंगल लिहिलंय."

"झुडपी? इथी तं बोराचं झाड बी नाई, बाई," इंदुताई म्हणाली.

"झाड नसलं तरी नोंद आहे ना. झुडपी म्हणजे कायद्यानं जंगलच. परवानगी आमच्या हातात राहत नाही, वर पाठवावं लागतं."

शेजारचा धनराज सगळं ऐकत होता. त्याचं पक्कं घर याच नंबरवर, अंगणवाडीही याच नंबरवर. "मंग माहं घर बी जंगलात हाय म्हना की! वाघ नाई आला कधी चहा प्याले." मॅडम गेल्यावर तो भाऊंकडे वळला. "लटारूभाऊ, तुमाले कोनं सांगतलं होतं इचाराले? म्या इचारलं का कोनाले? आधी घर बांधाचं, मंग इचाराचं."

साऱ्या ओळीत विचारणारा माणूस एकटाच, आणि अडला तोच.

मला मात्र एकच कोडं पडलं. खऱ्या जंगलातून आले ती मी. माझ्या कपाळावर शिक्का आहे, मला कोणी अडवलं नाही. आणि जिथे काडी उगवत नव्हती, ती जागा जंगल ठरली.

मला उतरवून नीलाबाईच्या सपरीत आणलं. फाईल वर गेली. भाऊ महिन्यातून दोनदा ऑफिसात जायचे, इस्त्रीचा सदरा घालून. परत येताना ते सायकलवरून उतरले की इंदुताई विचारायचीच नाही, नुसती चेहरा बघायची. मग जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन माझ्याकडे यायची. वाळवी लागू नये म्हणून इंच न् इंच पुसायची. "थांब माय, आता होईलच," असं मला म्हणायची. मला म्हणायची की स्वतःला, कोण जाणे.

तिसऱ्या वर्षी तिचा खोकला वाढला. दम पुरेना. गडचिरोलीच्या दवाखान्यातून आणलं तेव्हा ती नीलाबाईला म्हणाली, "बाई, माही चौकट सांभाळजो." नीलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तूच सांभाळजो. मले काय कराची हाय?"

माघात इंदुताई गेली. त्या ठेंगण्या दारातून तिला बाहेर काढताना माणसांना खूप वाकावं लागलं. स्मशानाची वाट आमच्या ओळीवरून जाते. भाऊंनी तिरडी थांबवायला सांगितली. धनराज काही न विचारता सपरीत आला, त्याने आणि चैतूने मला उचललं आणि त्या मोकळ्या जागेवर दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. धनराज रडत होता. चौघे तिला घेऊन माझ्यातून गेले. कोणालाही वाकावं लागलं नाही. ती सरळ गेली, जशी जाईन म्हणाली होती तशीच. फक्त पाय टाकायचा राहिला.

मग मला परत सपरीत ठेवलं.

आता त्या जागेवर खरंच झुडपं आली आहेत. तरोटा, रायमुनी, माणसाच्या कमरेएवढी. मागच्या महिन्यात सरिता मॅडम पुन्हा येऊन बघून गेल्या. फाईल अजून वरच आहे. माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे, भाऊंना दिसते, ते तिथे जास्त तेल लावतात.

तुम्ही आपल्या घरी जाल तेव्हा उंबरठ्यावर क्षणभर थांबा. आतून कोणी "ये ना आत" म्हणालं तर लगेच जा. मुहूर्त बघू नका, भिंती मोजू नका.

रोज संध्याकाळी तेल लावून झालं की भाऊ माझ्यासमोर उभे राहतात. आता ते रस्त्याच्या बाजूला असतात, तिच्या जागी. हळूच विचारतात, "कोन हाय जी घरात?"

माझ्यामागे नीलाबाईची भिंत आहे. मी सागाची, त्यांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही. मग भाऊ सायकल घेऊन त्या ठेंगण्या दाराकडे जातात.